क्लबचं सगळं सांभाळणारे काका आता मैदानाचं काम सोडतायत. त्यांच्याकडून शिकून कसं घ्यावं?

मिडऑन_मुक्कामी

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण पूर्ण वाचून सांगा.

मी आमच्या क्लबच्या 'ब' संघाचा कर्णधार. क्लब छोटा आहे, पगारी माणूस एकही नाही. तरीही आमच्याकडे टर्फ विकेट, म्हणजे माती-गवताची खेळपट्टी आहे, आणि ती टिकली याचं श्रेय एकाच माणसाला जातं. सगळे त्यांना काका म्हणतात, म्हणून इथेही काकाच म्हणतो.

माझा जन्म होण्याआधीपासून ते या क्लबकडून खेळतायत. डावखुरे फिरकी गोलंदाज. रन-अप चार पावलांचा, त्यामुळे दुखरा गुडघा गोलंदाजीत फारसा आड येत नाही. धाव घ्यायला लागले की मात्र लगेच लक्षात येतं. फलंदाजीला दहाव्या नंबरवर येतात, आणि समोर कुणी जम बसवलेला असेल तर आपल्या बाजूनं विकेट पडू देत नाहीत.

खेळणं हा त्यांच्या रविवारातला सगळ्यात छोटा भाग. आम्ही पोहोचतो तेव्हा कव्हर निघालेलं असतं, खेळपट्टीवर झाडू फिरलेला असतो, क्रीज, म्हणजे स्टंपांजवळच्या पांढऱ्या रेषा, आखलेले असतात. त्यासाठी त्यांनी लाकडी पट्ट्यांची एक चौकट करून घेतलीय. ती स्टंपांच्या भोकांवर बसवली की मोजमाप करावं लागत नाही. आमची फलंदाजी सुरू झाली की ते स्कोअरबुक घेऊन बसतात. एखादा अंपायर आला नाही तर स्क्वेअर लेगला उभे राहतात आणि आपल्याच फलंदाजाला रनआऊट द्यायला कचरत नाहीत. चेंडू कुठला नवा, कुठला सरावाचा, कुठल्या बॅटला तेल हवंय, कुठल्या मुलाला पॅड लहान होतायत, हे सगळं त्यांच्या डोक्यात.

मध्ये एका रविवारी ते उपचारासाठी गेले होते. सामना झाला, पण बेल्स (स्टंपांवर ठेवायच्या छोट्या दांड्या) कुठे असतात इथपासून विचारणा सुरू झाली. समोरचा संघ आणि आम्ही मिळून शोधत होतो. तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांना जाणवलं की आपण क्लब चालवत नाही, काका चालवतात आणि आपण खेळतो.

आता त्यांनी बैठकीत सांगितलंय की या सीझननंतर रोलर आणि पाण्याचं काम त्यांच्यानं होणार नाही. खेळायचं मात्र आहे. ते सांगतानाचा त्यांचा आवाज मला अजून ऐकू येतोय, कारण इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी मागितलेली ही एकच गोष्ट.

मला तीन गोष्टी विचारायच्यात. आपल्याला बाजूला सारतायत असं त्यांना वाटू न देता हे सगळं शिकून कसं घ्यायचं? खेळपट्टीच्या कामात नेमकं आधी काय शिकावं? आणि तिसरी गोष्ट अवघड आहे. संघातली काही मुलं म्हणतात की काकांची जागा एखाद्या तरुण खेळाडूला द्यावी. मला ते पटत नाही, पण मी काकांवरच्या प्रेमापोटी बोलतोय की कर्णधार म्हणून, ते मला ठरवता येत नाहीये.

रोलरवाला

तुमचा प्रश्न वाचून लगेच लिहायला बसलो. मी आमच्या क्लबचं मैदान अनेक वर्षं बघितलं. खेळतही होतो, मधल्या फळीत. आता दोन मुलं ते काम करतात आणि माझ्यापेक्षा चांगली विकेट बनवतात. त्यामुळे तुमच्या काकांच्या बाजूनं थोडं सांगू शकतो.

पहिली गोष्ट. "काका, आम्हाला शिकवा" असं म्हणू नका. असं म्हटलं की माणूस विचारात पडतो, काय शिकवू? त्यांनी हे काम पाठ केलेलं नाही, हाताला लावून घेतलंय. बसवून विचाराल तर दोन वाक्यांत संपेल. तुमच्यापैकी दोघांनी त्यांच्याबरोबर जायला लागा, आणि तेही रविवारी नको. रविवारी सकाळी तुम्हाला दिसतं ते शेवटचं हात फिरवणं असतं. खेळपट्टी त्याआधी पाच-सहा दिवसांत तयार झालेली असते. सोमवार-मंगळवारी कुणी मैदानावर फिरकत नाही आणि खरं काम तेव्हाच चालतं.

ते काम काय असतं ते सविस्तर लिहितो, कारण हे कळलं तर काकांबरोबर उभं राहून काय बघायचं ते समजेल.

खेळपट्टी म्हणजे चिकणमाती. चिकणमाती ओली असताना मऊ होते, सुकताना आवळते आणि कडक बनते. आपलं सगळं काम त्या मधल्या अवस्थेत करायचं असतं. आधी भरपूर पाणी द्यायचं, वरवर शिंपडायचं नाही, खोल मुरू द्यायचं. नुसतं वर पाणी मारलं तर वरचा पापुद्रा ओला आणि खालचा थर कोरडा राहतो, आणि मग दोन थर वेगवेगळे वागतात. पाणी मुरलं की थांबायचं. हे थांबणं सगळ्यात कठीण. माती फार ओली असताना रोलर घातला तर ती रोलरला चिकटून वर येते, किंवा रोलरपुढे लाटेसारखी सरकते आणि पृष्ठभाग उंचसखल होतो. फार सुकल्यावर घातला तर रोलर नुसता वरून जातो, आत काहीच दाबलं जात नाही. अंगठा दाबल्यावर खूण उमटते पण अंगठ्याला माती लागत नाही, तो क्षण पकडायचा. तुमचे काका अंगठा किंवा किल्ली खुपसून बघत असतील. तेव्हा शेजारी बसा आणि तुम्हीही तिथेच अंगठा दाबा. हे वाचून येत नाही.

सुरुवातीला हलका रोलर, मग जड. सुरुवातीच्या दिवसांत लांबीच्या दिशेनं आणि थोडा तिरकाही फिरवायचा, म्हणजे एकाच ओळीत माती सरकत नाही. वेग अगदी कमी. मुलांना रोलर ढकलायला दिला की ती जोर लावून पळवतात, ते थांबवा. सावकाश चाललेल्या रोलरचं वजन खालपर्यंत पोहोचतं. आणि खेळपट्टीच्या मध्ये रोलर कधीही उभा करायचा नाही, थांबायचं असेल तर बाहेर नेऊन थांबायचं. उभ्या रोलरखाली खळगा पडतो.

गवताबद्दल बऱ्याच खेळाडूंचा गैरसमज असतो की ते फक्त वेगवान गोलंदाजांसाठी ठेवतात. मुळं दोन कामं करतात. माती बांधून ठेवतात, आणि खालच्या थरातलं पाणी वर ओढून खेळपट्टी आतून सुकवतात. गवत मेलेल्या पट्टीवर वरचं कवच कडक आणि पोट ओलं राहतं. मेलेलं गवत मात्र झाडून, खरवडून काढायलाच हवं. ते वर गादीसारखं साचलं की चेंडू थांबून येतो आणि खाली राहतो. कापणी टप्प्याटप्प्यानं करायची, सगळ्यात बारीक शेवटी.

क्रीजबद्दल एक गोष्ट नक्की शिकून घ्या, कारण काकांची चौकट हरवली किंवा मोडली तर उपयोग होईल. दोन्हीकडच्या बोलिंग क्रीजमध्ये, म्हणजे स्टंपांच्या रेषांमध्ये 22 यार्ड, म्हणजे 20.12 मीटर अंतर. खेळपट्टीची रुंदी 10 फूट. पॉपिंग क्रीज, म्हणजे फलंदाज जिच्या मागे सुरक्षित असतो ती रेषा, स्टंपांच्या रेषेपासून 4 फूट, म्हणजे 1.22 मीटर पुढे. हे अंतर रेषेच्या मागच्या कडेपर्यंत मोजायचं. नियमानुसार क्रीज म्हणजे ती मागची कड. म्हणून रंगाची जाडी नेहमी समोरच्या स्टंपांच्या दिशेला वाढवायची, आपल्या स्टंपांकडे नाही. रिटर्न क्रीजची, म्हणजे बाजूच्या उभ्या रेषेची, आतली कड धरायची, मधल्या स्टंपपासून दोन्ही बाजूंना 1.32 मीटर. फलंदाजाची बॅट रेषेवर असली तरी तो आत नसतो, रेषेच्या मागे टेकायला हवी. त्यामुळे पट्टा चुकीच्या बाजूला जाड झाला तर कुणाचा तरी रनआऊट त्यावर ठरतो.

आता सामन्याच्या दिवसाचा एक नियम, कारण तो कर्णधारालाच लागतो. सामना सुरू झाल्यावर रोलर फिरवायचा का हे फलंदाजी करणाऱ्या संघाचा कर्णधार ठरवतो. पहिला डाव सोडून प्रत्येक डाव सुरू होण्याआधी, आणि सामना एकापेक्षा जास्त दिवसांचा असेल तर पुढच्या प्रत्येक दिवसाचा खेळ सुरू होण्याआधी, जास्तीत जास्त 7 मिनिटं. आपल्याला दुसऱ्या डावात फलंदाजी करायची असेल आणि पट्टीवर भेगा दिसत असतील तर जड मागायचा की हलका, की नकोच, हे काकांना विचारा. असं विचारलेलं त्यांना आवडेल, कारण तो खेळाचा प्रश्न आहे.

शेवटी संघातली जागा. मी सरळ सांगतो. 'ब' संघ कशासाठी असतो याचं उत्तर आधी क्लबनं द्यावं. तिथे सोळा-सतरा वर्षांची मुलं खेळतात ना? त्यांना मिड-विकेट दोन पावलं मागे का हलवायचा, डावखुऱ्या फलंदाजाला स्लिप केव्हा काढायची, एक खराब षटक पडल्यावर पुढच्या षटकाचा पहिला चेंडू कसा टाकायचा, हे मैदानाच्या आत कोण सांगणार? कोच सीमेबाहेर असतो. काका मिड-ऑनला असतात. ही जागा शिकणाऱ्या मुलांच्या फायद्यासाठी आहे, काकांवर मेहेरबानी नाही. आणि पहिला चेंडू टप्प्यावर पडत असेल तर गोलंदाज म्हणूनही ती त्यांचीच आहे.

वयाचं म्हणाल तर प्रा. दि. ब. देवधर यांनी महाराष्ट्राला 1939-40 आणि 1940-41 असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकून दिला, तेव्हा ते अठ्ठेचाळीशीच्या आसपास होते. विल्फ्रेड ऱ्होड्स 1930 मध्ये 52 व्या वर्षी कसोटी खेळले, तेही डावखुरे फिरकीपटूच. सी. के. नायडूंची प्रथम श्रेणी कारकीर्द 1916 पासून 1963 पर्यंत पसरलेली आहे. क्लबच्या सामन्यात एक गुडघा दुखणारा फिरकीपटू खेळला तर क्रिकेटचं काही बिघडत नाही.

बिंदू_बिंदू_मेडन

मी स्कोअरर आहे. आधी क्लबकडून यष्टिरक्षण करायचे, मग बोटाचं हाड मोडल्यावर स्कोअरबुककडे आले आणि रमले. खेळपट्टीचं वर सुंदर लिहिलंय, मी फक्त माझ्या भागाचं लिहिते.

काकांच्या शेजारी बसायला तुम्हाला निमित्त शोधायची गरजच नाही. नियमात स्कोअरर दोन असावेत असं आहे. दुसरं स्कोअरबुक घ्या आणि एका मुलाला किंवा मुलीला त्यांच्या शेजारी बसवा. शिकवणी नाही, फक्त दुसरा स्कोअरर. प्रत्येक षटकानंतर दोन्ही वह्या जुळवायच्या. चूक एका षटकात सापडते, डाव संपल्यावर शोधली तर डोकं धरून बसावं लागतं.

सुरुवात अंपायरच्या खुणांपासून करा. अंपायरनं खूण केली की स्कोअररनं हात वर करून किंवा ठरलेल्या पद्धतीनं ती मिळाल्याचं कळवायचं असतं. प्रत्येक खुणेला वेगळी पोच. ती मिळेपर्यंत अंपायरनं पुढचा चेंडू टाकू द्यायचा नाही असा नियमच आहे. नवी मुलं ही पोच देत नाहीत आणि मग लेगबायचा (बॅटला नव्हे, फलंदाजाच्या अंगाला लागून गेलेल्या चेंडूचा) चौकार बॅटवर लिहिला जातो.

वही जुळण्याची पद्धत अगदी साधी आहे आणि ती एकदा मनात बसली की भीती जाते. सगळ्या फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर, म्हणजे एकूण धावसंख्या. दुसऱ्या बाजूनं, सगळ्या गोलंदाजांनी दिलेल्या धावा अधिक बाय (चेंडू बॅटला किंवा अंगाला न लागता मिळालेल्या धावा), लेगबाय आणि पेनल्टी, म्हणजे पुन्हा तीच धावसंख्या. वाइड आणि नोबॉल गोलंदाजाच्या नावावर जातात, बाय आणि लेगबाय जात नाहीत. त्यामुळे लेगबाय गेली तरी मेडन (गोलंदाजाच्या नावावर एकही धाव नसलेलं षटक) मेडनच राहते, वाइड पडला की ती गेली. फलंदाजानं खेळलेल्या चेंडूंमध्ये नोबॉल धरायचा, वाइड धरायचा नाही. यष्टिरक्षकामागे ठेवलेल्या हेल्मेटला चेंडू लागला तर पाच पेनल्टी धावा, त्या अवांतरात, गोलंदाजाच्या खात्यात नाही.

बरीच वर्षं वही लिहिणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते, काकांशीही बोलून घ्या. 2022 च्या बदलानंतर फलंदाज झेलबाद झाल्यावर फलंदाजांनी एकमेकांना ओलांडलेलं असलं तरी नवा फलंदाजच स्ट्राइकला येतो, फक्त षटक संपलेलं असेल तर नाही. आधी उलट होतं. हाताला जुनी सवय असते आणि वहीत चेंडू चुकीच्या नावासमोर जातो.

आणखी एक, अगदी मनापासून. काकांच्या जुन्या वह्या कुठे आहेत ते विचारा. पावसानं, वाळवीनं जायच्या आत त्यांची पानन्‌पान फोटो काढून ठेवा. तुमच्या क्लबमध्ये कुणी कधी शतक केलं, कुणाचा पहिला बळी कुणाचा होता, हे दुसरीकडे कुठेही लिहिलेलं नाही. ॲपवर आजचे सामने राहतील. त्या वह्यांमधले सामने फक्त तिथेच आहेत, आणि समासात काकांनी काही लिहिलं असेल तर ते सांगायला आज ते स्वतः आहेत.

थर्डमॅन

जागेच्या बाबतीत माझं मत थोडं वेगळं आहे. काकांचा मान वेगळा आणि निवड वेगळी ठेवावी. ज्या मुलाला बाहेर बसावं लागतं तोही दर रविवारी बॅग घेऊन येतो, त्याच्याकडे कोण बघणार?

गुडघ्याबद्दल एक नियम लक्षात ठेवा. रनर, म्हणजे फलंदाजाच्या जागी धावणारा खेळाडू, मिळेल असं धरून त्यांना खेळवू नका. एमसीसीच्या, म्हणजे क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या क्लबच्या, नियमांत रनर आहे, पण दुखापत त्याच सामन्यात झालेली असेल तरच. आधीपासून दुखणाऱ्या गुडघ्यासाठी नाही. आंतरराष्ट्रीय सामन्यांतून तर तो 2011 मध्ये बंदच झाला. क्षेत्ररक्षणात बदली खेळाडू आला तरी तो गोलंदाजी करू शकत नाही. म्हणजे काका खेळणार असतील तर ते स्वतःच्या पायांवर किती खेळू शकतात हे त्यांनाच प्रामाणिकपणे विचारा. ते खरं सांगतील असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं.

मैत्रीपूर्ण सामन्यांना मात्र वेगळी सोय आहे. दोन्ही बाजूंनी मान्य केलं तर संघात अकरापेक्षा जास्त खेळाडू ठेवता येतात, मैदानात एका वेळी अकराच. त्यात काकाही खेळतील आणि तो मुलगाही.

चेंडूंची_पेटी

छोटी भर. किट सांभाळणं सगळ्यात सोपं वाटतं आणि सगळ्यात आधी तेच विस्कटतं. आमच्याकडे मुलामुलींचे संघ वाढल्यावर चेंडूंची गल्लत व्हायला लागली. पुरुषांचा चेंडू 155.9 ते 163 ग्रॅम, महिलांचा 140 ते 151, तेरा वर्षांखालच्या मुलांचा 133 ते 144. हातात घेऊन फरक चटकन कळत नाही आणि लहान मुलाच्या बोटांवर मोठा चेंडू आदळतो. आम्ही तीन पेट्या केल्या, वर मोठ्या अक्षरांत लिहिलं. वापरलेला चेंडू परत पेटीत जाताना किती षटकं झाली ते पेटीतल्या कागदावर लिहायचं. नेटला कुठला काढायचा ते त्यावरून ठरतं.

वारा असेल तेव्हा बेल्स सारख्या पडतात. जड बेल्सची एक जोडी ठेवा. अगदीच टिकत नसतील तर बेल्सशिवाय खेळायचं अंपायर ठरवू शकतात, तशी नियमात सोय आहे.

मिडऑन_मुक्कामी

सगळ्यांचे मनापासून आभार. लगेच उत्तर दिलं नाही, कारण आधी करून बघायचं होतं.

रोलरवाला यांनी सांगितलं तसं आम्ही दोघं मंगळवारी सकाळी काही न सांगता मैदानावर गेलो. काका पाण्याचा पाइप ओढत होते. मी दुसरं टोक उचललं. त्यांनी काही विचारलं नाही, फक्त "तिकडच्या टोकाला कमी सोड, तिथे उतार आहे" एवढंच म्हणाले. मी तिथे इतकी वर्षं खेळतोय, उतार आहे हे मला माहीत नव्हतं. पॅव्हेलियनच्या बाजूनं गोलंदाजी करताना चेंडू थोडा खाली का राहतो, ते तेव्हा समजलं. मग ते आपणहून बोलत गेले. कुठल्या पट्टीला किती विश्रांती लागते, कुठल्या ठिकाणची माती एकदा बदलली होती आणि ती कशी नीट बसली नव्हती. माझा जोडीदार फोनवर सगळं रेकॉर्ड करत होता, तेही काकांना विचारूनच.

वह्या सापडल्या. एका लोखंडी ट्रंकमध्ये, वर्षाप्रमाणे लावलेल्या. आमच्या दोन मुली आता दर बुधवारी संध्याकाळी फोटो काढायला बसतात. समासात खरंच लिहिलेलं आहे. बऱ्याच ठिकाणी नुसतं "प्रकाश कमी" किंवा "उशिरा सुरुवात", पण एका ठिकाणी आमच्या आजच्या अध्यक्षांच्या नावापुढे "पहिला सामना, चांगला हात" असं आहे. अध्यक्षांना दाखवलं तर त्यांना बोलताच येईना.

जागेबद्दल थर्डमॅन यांचं म्हणणं मला लागलं, चांगल्या अर्थानं. मी काकांना सरळ विचारलं. ते म्हणाले, लीगच्या सामन्यात मुलांना खेळव, मला फक्त मैत्रीपूर्ण सामने दे, आणि लीगमध्ये कुणी आलं नाही तर मी बॅग घेऊन तयार असतो. मी ते अर्धंच मानलंय. आमच्याच मैदानावरच्या लीग सामन्यांत, पट्टी जुनी झालेली असेल आणि चेंडू वळत असेल, तेव्हा कर्णधार म्हणून मला ते संघात हवेत आणि मी तसं निवड समितीला लेखी कळवलंय. आमच्या संघात त्या पट्टीवर त्यांच्याइतका टप्पा दुसऱ्या कुणाचा नाही. तो तरुण मुलगा फलंदाज आहे. त्याच्यासाठी वरच्या फळीत जागा काढायची, तो वेगळा प्रश्न आहे आणि तो सोडवायला मी बांधील आहे.

आता रोलरवाला यांना एक शेवटचं विचारतो. सामना संपल्यावर गोलंदाजांच्या पायांनी पडलेले खड्डे काका स्वतः भरतात. वाकताना त्यांना सगळ्यात जास्त त्रास तिथे होतो, म्हणून ते काम आम्हाला याच रविवारपासून हातात घ्यायचंय. नेमकं काय करायचं?

रोलरवाला

हे ऐकून फार बरं वाटलं. निवड समितीला लेखी कळवलंत ते उत्तम केलंत.

खड्डे त्याच संध्याकाळी भरा, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. आधी सुटी माती आणि गवताचा चुरा झाडून पूर्ण बाहेर काढायचा, खड्ड्याचा तळ घट्ट लागेपर्यंत. मग तळ आणि कडा थोड्या खरवडायच्या आणि पाण्यानं ओल्या करायच्या, नाहीतर नवी माती जुन्या मातीला धरत नाही. भरायला तीच माती घ्या जी खेळपट्टीत आहे. दुसरीकडची माती वेगळ्या प्रमाणात आवळते आणि सुकल्यावर चकतीसारखी सुटून येते. काकांनी सांगितलेली ती नीट न बसलेली जागा बहुतेक अशीच झाली असेल. माती आधी कालवून घ्या, मूठ आवळली की गोळा व्हावा पण हाताला चिकटू नये. थोडी थोडी घालून धुम्मसानं (माती ठोकायच्या जड ठोकणीनं) ठोकायची, एकदम भरून ठोकली तर खालचा भाग पोकळ राहतो. शेवटी आजूबाजूच्या पातळीला आणायचं, वर बी टाकायचं, हलकं पाणी आणि वर गोणपाट.

सामना दोन दिवसांचा असेल तर मध्ये असं भरता येतं का, असं मुलं विचारतील. खड्डे साफ करून कोरडे ठेवण्याची जबाबदारी अंपायरची, आणि एकापेक्षा जास्त दिवसांच्या सामन्यात ते भरायला परवानगी देऊ शकतात. पण त्यांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

धुम्मस क्लबमध्ये नसेल तर जाड लाकडी ओंडक्याला दांडा लावून घ्या, सपाट तळ असला की चालतं. आणि पहिल्या रविवारी काकांना जवळ खुर्ची द्या. ओल किती हवी ते त्यांना बसल्या जागेवरून दिसेल.